खिडकीकडचा हात

मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता नवीन जालन्यातल्या एका शाळेच्या सभागृहात बारा मुली समईभोवती उलट्या फिरल्या.

स्नेहसंमेलनाची रंगीत तालीम सुरू होती. पहिला कार्यक्रम गणेशवंदनेचा. मुलींनी मूर्तीला फूल वाहिलं ते डाव्या हातानं, आणि प्रदक्षिणा घातली ती समई डावीकडे ठेवून. एकटीदुकटी चुकली असती तर लगेच दिसलं असतं. पण सगळ्या एका तालात, सारखं अंतर राखून, शिकवलेलं हसू चेहऱ्यावर ठेवून फिरत होत्या, त्यामुळे समोर बसलेल्या शिक्षकांना काही वावगं वाटलं नाही.

वाटलं ते आसराबाईंना. नात छकुली घरी डबा विसरली होती, तो द्यायला त्या आल्या होत्या आणि दाराशी उभ्या राहून बघत होत्या.

"अय पोरींनो, थांबा," त्या म्हणाल्या. "असं मयताला फिरत्यात."

गाणं बंद झालं. एक शिक्षक हसले. मुख्याध्यापिका हसल्या नाहीत. त्यांनी नाच बसवणाऱ्या वर्षाराणीला पुढे बोलावलं आणि देवाला फूल कुठल्या हातानं वाहतात, असं विचारलं. वर्षाराणी म्हणाली, उजव्या. करून दाखवा, असं त्या म्हणाल्या. वर्षाराणीनं गाण्याची ओळ मनात धरली, पाऊल टाकलं, गिरकी घेतली आणि फूल वाहिलं. हात डावा होता. ती हाताकडे बघत राहिली. मग तेच पुन्हा केलं. पुन्हा डावाच.

संमेलन शनिवारी होतं. वंदना सुधारा, नाहीतर कार्यक्रमातून काढू, असं मुख्याध्यापिकांनी तिथंच सांगितलं. दुपारपर्यंत ही गोष्ट पालकांच्या ग्रुपवर होती आणि संध्याकाळपर्यंत एका आईनं विचारलं होतं, की या मॅडम शिकल्यात तरी कुठं.

या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर कुठेच नाही, असं द्यावं लागतं.

वर्षाराणी भोकरदन तालुक्यातल्या धावड्याची. घरची शेती, कपाशी आणि मका. गावात नाचाचा वर्ग नव्हता, आजही नाही. चुलतभावाचा मोबाइल दुपारी तासभर हाती यायचा. तो पडवीतल्या कोनाड्यात उभा करून ती समोर नाचायची. पडद्यावरच्या बाईचा हात ज्या बाजूला जाईल, त्या बाजूला आपला हात. शाळेत गेली की तेच लहान मुलींना शिकवायची. नववीत असताना शाळेच्या गॅदरिंगचे सगळे नाच तिनं बसवले, पण स्वतः एकातही नाचली नाही. वडिलांना ते चाललं नसतं. पोरींना शिकवणं चालत होतं.

लग्न होऊन ती जालन्याला आली. नवरा भुजंग एका बियाणे कंपनीच्या गोदामात कामाला. गणपतीत तिनं कॉलनीतल्या पोरांचा नाच बसवला आणि तो शिवशंकरनं पाहिला.

शिवशंकर म्हणजे शाळेचे नाच बसवून देणाऱ्या डान्स स्टुडिओचा मालक. मूळचा कुंभार पिंपळगावचा, लग्नाच्या वरातीत बँडपुढे नाचून नाव कमावलेला. पुढे ऑर्केस्ट्रात होता. गुडघा गेला तेव्हा बियाण्यांच्या एका दुकानावरचा मजला घेऊन त्यानं वर्ग काढला. शिक्षक निवडायची त्याची पद्धत साधी होती. उमेदवाराला तो नाचून दाखव म्हणत नसे. पोरांनी भरलेल्या खोलीत त्याला एकटं सोडायचा आणि स्वतः जिन्यात उभा राहून कान द्यायचा. आतून भांडण किंवा रडणं ऐकू आलं तर चहा पाजून परत पाठवायचा. वर्षाराणीच्या वेळी आतून नुसती टाळ्यांची लय ऐकू आली. गेली सहा वर्षं संध्याकाळची बॅच तिची आहे, वंदनेच्या मुलीही याच बॅचमधल्या. स्टुडिओत तिच्याइतका अनुभव दुसऱ्या कुणालाही नाही.

साधनाताई तिथं एक वर्षापासून आहेत. त्या संभाजीनगरला वाढल्या, नवव्या वर्षापासून कथक शिकल्या, विशारद झाल्या. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून जालन्याला आल्या. त्यांचा वर्ग सकाळी असतो आणि लहान असतो, कारण पहिले तीन महिने त्या पायांशिवाय दुसरं काही शिकवत नाहीत. पोरीला गाण्यावर कधी नाचवणार, असं पालक विचारतात आणि नाव काढून संध्याकाळच्या बॅचला घालतात. यावरून दोघींमध्ये कधी वाकडं आलं नव्हतं. वर्षाराणी त्यांना ताई म्हणते.

मंगळवारी संध्याकाळी तिघं स्टुडिओत बसली. शिवशंकरचा पहिला प्रश्न असा होता, की हीच वंदना सहा वर्षं होतेय. दर वर्षी मुली बराबर फिरल्या. मग यंदाच काय झालं?

वर्षाराणी म्हणाली, मी काहीच बदललं नाही. शिवशंकरनं मागच्या वर्षीचा व्हिडिओ काढला. त्यात फूल उजव्या हातात होतं आणि समई उजवीकडे. साधनाताईंनी तो पाहिला आणि वर्षाराणीला विचारलं, की मुलींना उजवा-डावा कसं सांगतेस.

ती उजवा-डावा म्हणतच नव्हती. लहान पोरी गोंधळतात, म्हणून ती खोली बघून सांगायची. स्टुडिओच्या एका अंगाला रस्त्यावरची खिडकी आहे, दुसऱ्या अंगाला जिना. "खिडकीकडचा हात," ती म्हणायची, किंवा "जिन्याकडून निघा." मुलींकडे तोंड करून उभं राहायची आणि खिडकीकडे स्वतःचा हात न्यायची. मुलीही खिडकीकडे न्यायच्या. समोरासमोर उभ्या असलेल्या दोन माणसांत एकाचा खिडकीकडचा हात डावा असतो, तर दुसऱ्याचा उजवा.

साधनाताईंनी तिला मोबाइलपुढे उभं केलं, तसं मग सगळं उलगडलं. पडद्यावरची बाई उजवा हात उचलते, तो बघणाऱ्याला डावीकडे दिसतो. धावड्याच्या पडवीत वर्षाराणीनं त्या बाजूचा, म्हणजे आपला डावा हात उचलला. अख्खा नाच ती असा उलटा शिकली. पुढे मुलींसमोर तोंड करून तो शिकवला, तेव्हा मुलींनी तो पुन्हा उलटा केला. दोनदा उलटलं, म्हणून सरळ झालं. फिल्मी गाण्यात डावं-उजवं कोण बघतो? वंदनेत बघितलं जातं, पण तिथंवर मुली नेहमी सरळच पोहोचत होत्या.

दिवाळीनंतर शिवशंकरनं पुढच्या भिंतीला पूर्ण आरसा बसवला. मोठ्या शहरातल्या स्टुडिओत असतो, असं पालक म्हणत होते. तेव्हापासून वर्षाराणी आरशाकडे तोंड आणि मुलींकडे पाठ करून उभी राहू लागली. मुली तिच्या मागं, ज्या हाताचं तिनं केलं त्याच हाताचं करू लागल्या. छकुलीनं एकदा विचारलंही होतं, की मॅडम, मागच्या वर्षी आपण जिन्याकडून निघायचो ना? आता मी वळून उभी आहे म्हणून, असं वर्षाराणीनं उत्तर दिलं होतं. ते उत्तर तिला पटलेलंही होतं.

"म्हणजे सहा वर्षं तू सगळ्यांना डाव्या हातानं वाढून राह्यली," शिवशंकर म्हणाला, "आन् लोकं ताट चाटून पुसून गेले."

साधनाताईंना हसू आलं. वर्षाराणीला आलं नाही. तिनं एकच मागणी केली. आरशावर पडदा टाका आणि मला पहिल्यासारखं मुलींकडे तोंड करून शिकवू द्या.

शनिवारपुरतं ते मान्य झालं. आरशावर सतरंजी बांधली. बुधवारी आणि गुरुवारी वर्षाराणीनं मुलींसमोर उभं राहून वंदना पुन्हा बसवली. मुली दोन दिवस एकमेकींवर आदळल्या, तिसऱ्या दिवशी सरळ झाल्या. शुक्रवारच्या तालमीला आसराबाई मुद्दाम येऊन बसल्या. प्रदक्षिणा झाल्यावर त्यांनी वर्षाराणीला जवळ बोलावलं. आपल्या सासऱ्यांच्या काळात मेंढरांची वाट उजव्या अंगानं काढायची की डाव्या, यावरून भाऊ-भाऊ महिनाभर बोलत नव्हते, असं त्यांनी तिला सांगितलं आणि वर म्हणाल्या, "तुमचं तर पोरीबाळीत निभावलं, मॅडम. जीवाला लावून घेऊ नका."

शनिवारी वंदना बराबर झाली. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापिकांनी पुष्पगुच्छ दिला तो स्टुडिओच्या नावानं, शिवशंकरच्या हाती.

खरा प्रश्न त्यानंतरचा होता. सतरंजी सोडायची की ठेवायची?

रविवारी तिघं पुन्हा बसली. शिवशंकरचं म्हणणं असं, की आरसा पाहून नवे प्रवेश आलेत, तो झाकून ठेवता येणार नाही. शिवाय ग्रुपवर विचारणाऱ्या आईला काय सांगू? वर्षाराणीचं म्हणणं असं, की आरशात बघून शिकवायला लागल्यापासून मुलींचे चेहरेच नीट दिसत नाहीत. कोण रडवेली झाली, कोण नुसती शेजारणीचं बघून करते, ते समोर तोंड असलं की कळतं. "मी नाचायला थोडंच येते, सर? शिकवायला येते. ते उलटं असलं तर सांगा."

शिवशंकरनं साधनाताईंकडे पाहिलं. त्यांना संध्याकाळची बॅच नको होती, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

"शिकवतेस ते सरळ आहे," त्या वर्षाराणीला म्हणाल्या. "पण समोर उभं राहून शिकवणं लहानपणापुरतं. पोरी मोठ्या झाल्या की त्या तुझ्या समोर राहणार नाहीत, तुझ्या मागं उभ्या राहतील. तेव्हा तुझ्याकडं बघून नाही, तुझ्यासारखं करतील."

"मंग मी सरळ करते."

"अंगात बसलेलं आहे ते."

"मंग काढते अंगातून."

सोमवारी दुपारी स्टुडिओ रिकामा असताना तिनं करून बघितलं. सतरंजीचं एक टोक सोडून आरशासमोर उभी राहिली. सावकाश केलं की उजवा हात निघत होता. गाणं लावलं की तिसऱ्या ओळीला डावा पुढे येत होता. भुजंग तिला घ्यायला आला होता. त्यानं उजव्या मनगटाला रुमाल बांध, असं सुचवलं. बैलजोडीत उजवीकडच्या बैलाला ओळखायला आपण गोंडा बांधतो तसं, असं तो म्हणाला. ती त्याच्यावर चिडली आणि थोड्या वेळानं तिनं रुमाल बांधला. उपयोग झाला तो एवढाच, की डावा हात पुढे आल्याचं तिला आधीपेक्षा लवकर कळू लागलं.

त्याच संध्याकाळी बॅच सुरू व्हायच्या आधी तिनं साधनाताईंना विचारलं, की तुमच्या सकाळच्या वर्गात मला घ्याल का. मदतनीस म्हणून का, असं त्यांनी विचारलं. नाही, ती म्हणाली, शिकायला.

साधनाताईंनी अट घातली. पहिले तीन महिने फक्त पाय. हात कमरेवर. गाणं नाही. आणि तोवर संध्याकाळी उलटं करायचं नाही, नाहीतर सकाळचं सगळं वाया जाईल. म्हणजे तीन महिने संध्याकाळची बॅच तिनं घ्यायची नाही. वर्षाराणीनं ही अट लगेच मान्य केली नाही. सहा वर्षांत एकही संध्याकाळ चुकवली नव्हती. शिवाय तीन महिने बॅच सोडली की ती आपली राहत नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. शिवशंकरनं दुसरा शिक्षक आणला, पोरींना त्याची सवय झाली, की परत कोण बोलावतो? तिनं शिवशंकरला सरळ विचारलं, की तीन महिन्यांनी बॅच मला परत मिळेल का. त्यानं बघू म्हटलं. बघू म्हणजे काय, असं तिनं विचारलं. तेव्हा त्यानं पालकांचा फोन आल्याचं निमित्त करून जिना गाठला.

मंगळवारी तिनं संध्याकाळची बॅच नेहमीसारखी घेतली. मुलींकडे तोंड करून, खिडकी आणि जिना म्हणत. पुढचं काही मुलींना सांगितलं नाही.

बुधवारी सकाळी ती साधनाताईंच्या वर्गात हजर झाली. सात-आठ वर्षांच्या मुलींच्या मागं, शेवटच्या रांगेत, हात कमरेवर ठेवून उभी राहिली. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं मागं वळून तुम्ही कुणाची आई, असं विचारलं. साधनाताईंनी तिला पुढे बघायला सांगितलं आणि ताल दिला. पहिलं पाऊल उजवं होतं. वर्षाराणीनं उजवं टाकलं.

त्या दिवशी संध्याकाळची बॅच शिवशंकरनं स्वतः घेतली, खुर्चीवर बसून. ती पुढे कोण घेणार, आणि तीन महिन्यांनी कोण, असं पालकांनी ग्रुपवर विचारलं. गुरुवारी दुपारपर्यंत त्यानं उत्तर दिलेलं नव्हतं.