विरलेल्या कापडाला खळ

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावरच्या खुर्चीत एक आजी बसल्या होत्या आणि तेजोबाबा त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर ब्रशनं लेप फासत होते. मग पंख्याचा झोत सोडला. बघता बघता त्या बाजूची डोळ्याखालची पिशवी गायब, गाल गुळगुळीत! दुसरी बाजू होती तशीच. मागचे लोक खुर्च्यांवर चढले.

"वय म्हणजे काय? आत्म्यावर साचलेली धूळ!" बाबा गरजले. "मी फक्त झटकतो! आता संध्याकाळपर्यंत बोलू नका, हसू नका, पाणी लावू नका. तेज नाजूक असतं, उडून जातं!"

जन्मभर शिवणकाम केलेली, बोटांत धरून कापडाचा कस सांगणारी आमची आत्या तिथंच विरघळली.

"आरशात बघितलं की मला माझी आईच दिसते रे," ती हळूच म्हणाली. त्यात चेष्टा करण्यासारखं काहीच नव्हतं.

खरी काळजी वेगळीच होती. कपाटाचं दार लागून आत्याच्या हाताची कातडी सोलवटली होती. माझी ताई त्वचेची डॉक्टर. तीच जखम धुऊन पट्टी बांधायची. बाबांनी हात पाहिला आणि फर्मान काढलं, "पट्टी फेका, लेप लावा. नवी कातडी येईल!" घरी येताच आत्या पट्टी सोडायला बसली.

ताई चिडली नाही. "उद्यापर्यंत थांब," ती म्हणाली. "बाबांची एक परीक्षा घेऊ. ते पास झाले तर मी पट्टीचं नाव काढणार नाही."

दुसऱ्या दिवशी ती आत्याला घेऊन थेट मंचावर चढली. "बाबा, एका गालावर तुमचा लेप, दुसऱ्यावर माझा. तुम्ही पाठ करून उभे राहा. मग तुमचा गाल ओळखा."

बाबा का-कू करू लागले, पण भक्तांनाच चेव आला. "ओळखतील की! बाबांना काय अवघड?" आता माघार कशी घेणार? बाबा वळले.

ताईनं पितळी वाटीतला बाबांचा लेप आत्याच्या डाव्या गालाला लावला, स्टीलच्या वाटीतला आपला उजव्या गालाला. पंखा सुरू झाला. दोन्ही गाल सारखेच ताणले गेले.

बाबांनी डोळे मिटून हवेत हात फिरवला आणि उजव्या गालावर बोट ठेवलं. "हाच! इथून तेज मला हाक मारतंय!"

आधी आत्याचे खांदे हलले. मग नाकातून फुर्र झालं. "अहो बाबा," ती कशीबशी म्हणाली, "हाक मारतंय ते अंडं! सकाळी मीच फोडून दिलं. मला वाटलं, पोरगी ऑम्लेट करतेय!"

आणि ती खदखदून हसली. दोन्ही गालांना तडे गेले, पांढरे पापुद्रे मांडीवर गळाले. सभागृहात हास्याचा स्फोट झाला.

"या बाईच्या शंकेनं तेज पळालं!" बाबा ओरडले.

"दोन्ही गालांवरून एकदम?" मागून कुणीतरी विचारलं. बाबांनी पडद्यामागचा रस्ता धरला.

ताईनं माइक घेतला. "त्यांच्या लेपात काय आहे, ते तपासल्याशिवाय मी सांगणार नाही. पण युक्ती हीच. लेप वाळताना आक्रसतो आणि कातडीला ताणून धरतो. म्हणून तर हसायला बंदी!" मग ती आत्याकडे वळली. "कातडीच्या आत कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात, ते बळ देतात. दुसरं इलास्टिन, ते तुझ्या इलास्टिकसारखं. वय वाढतं तसे कोलॅजनचे धागे कमी बनतात. उन्हानं, सिगारेटनं तुटतातही लवकर. इलास्टिक सैल पडतं. म्हणून सुरकुत्या, आणि म्हणूनच साधं दार लागलं तरी कातडी फाटते."

"म्हणजे यानं विरलेल्या कापडाला खळ घातली," आत्या म्हणाली. "कापड कडक दिसतं. धागा थोडाच वाढतो?" तिनं हात पुढे केला. "बांध बाई पट्टी."

जखम सावकाश भरली, पण भरली.

सुरकुत्या पडणं हा गुन्हा नाही, आणि त्या नकोशा वाटणं हाही नाही. मात्र उपाय सांगणाऱ्याला एवढं जरूर विचारा: हे कशानं होतं, आणि धुतल्यावर किती उरतं? उत्तराऐवजी त्यानं डोळे वटारले, तर उठा आणि सरळ घरी जा.