अर्धं गाणं

तिने खुंटी पिळली, तार छेडली, कान लावला आणि खुंटी पुन्हा उलटी फिरवली. तार मघाशीच सुरात लागली होती. पण हातांना काहीतरी काम हवं होतं. समोरच्या खुर्च्यांवरचं कुणीच तिच्याकडे बघत नव्हतं. सगळे आतल्या दाराकडे बघत होते.

दवाखाना दातांचा होता. गिटार हातात घेऊन वर्षही न झालेल्या बाईला लोकांसमोर वाजवायचं पहिलं काम मिळावं ते अशा ठिकाणी, हे ऐकून दादाला जेवता जेवता ठसका लागला होता. पण बाकी सगळीकडे नन्नाचा पाढा झाला होता. कॉफीच्या दुकानवाल्याने जरासं ऐकून ‘कळवतो’ म्हटलं आणि कळवलं नाही. हॉटेलच्या मॅनेजरने किती गाणी येतात ते विचारलं. तिने ठोकून दिलं, दहा. मग दहावं वाजवा, म्हणाला. आता इथेही जमलं नाही तर पहिल्या तारखेपासून दादाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरलं होतं. दादा वाईट नव्हता आणि दुकानही वाईट नव्हतं. फक्त तिथे एकदा बसलं की गिटार पलंगाखाली जाणार आणि परत निघणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. त्यांच्या पेशंटना दुखण्यापेक्षा मशीनच्या आवाजाची धास्ती जास्त. रेडिओ लावून पाहिला, तर बातम्या ऐकून लोक आणखी घाबरले.

“मला कला वगैरे नको,” त्या म्हणाल्या होत्या. “तो आवाज झाकायला हवाय. आज वाजवून बघा. जमलं तर दर गुरुवारी या.”

झाकायचं म्हणजे न थांबता वाजवायचं, आणि नेमकं तेच तिला जमत नव्हतं. तिला एकच गाणं बरं यायचं, तेही अर्धं. मध्ये एक जागा होती, जिथे करंगळी लांब ताणून तार दाबावी लागे. तिथे हमखास माशी शिंकायची. चुकलं की ती थांबायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. त्यामुळे सुरुवात घोटून घोटून गुळगुळीत झाली होती, आणि शेवटाशी बोटांची जेमतेम तोंडओळख होती. भिंतीपलीकडून रोज ऐकणारा दादा म्हणायचा, तुझ्या गाण्याला डोकं आहे, पाय नाहीत.

तिने सुरुवात केली. ती जागा आली. करंगळी घसरली, तार घोगरी वाजली आणि सवयीने तिचे हात थांबले.

त्या शांततेत आतून तो आवाज आला. बारीक, लांबलचक, चढत जाणारा. कोपऱ्यातल्या बाईने पर्स छातीशी धरली. समोर एक धिप्पाड माणूस सुजलेल्या गालावर रुमाल दाबून बसला होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

“थांबू नका ना,” तो म्हणाला.

“चुकलं माझं. परत पहिल्यापासून घेते.”

“चुकू द्या हो. इथे कुणाला कळतंय? ते आतलं तेवढं ऐकू येऊ देऊ नका. पुढचा नंबर माझा आहे.” मग त्याने आवाज उतरवला. “क्रेन चालवतो मी. दिवसभर आभाळात लटकलेला असतो, काही वाटत नाही. पण हे नाही सहन होत.”

तेवढ्यात त्याचा नंबर आला. आत जाता जाता त्याने दार जरा उघडंच ठेवायची विनंती केली आणि डॉक्टरीणबाईंनी ती मानली. आता तिचं वाजवणं थेट त्या खुर्चीपर्यंत पोचणार होतं. इतके दिवस तिच्या चुकण्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मशीन सुरू झालं. तिने वाजवायला घेतलं. दाराच्या फटीतून तिला फक्त त्याचे बूट दिसत होते, खुर्चीवरून अधांतरी उचललेले, काठीसारखे ताठ. ती जागा आली. करंगळी पुन्हा घसरली. मनगट थांबायला निघालं होतं, पण तिची नजर बुटांवर होती आणि ती थांबली नाही. पुढचं सगळं अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तसं होतं. एक सूर सापडला, दोन हुकले, कसाबसा शेवट लागला. बूट अजून ताठच होते.

दुसरं गाणं तिला येत नव्हतं. मग तिने इतके महिने जे केलं होतं तेच केलं. पहिल्यापासून सुरू केलं. त्याच जागी चुकली, तशीच पुढे गेली, शेवटाला पोचली आणि पुन्हा मागे आली. भीती काही कमी झाली नव्हती. फक्त तिच्याकडे बघायला सवड नव्हती. केव्हातरी फटीतले बूट सैल होऊन बाजूला कलले.

क्रेनवाला बाहेर आला तेव्हा त्याचं अर्धं तोंड बधिर होतं. तो तिला काहीतरी म्हणाला, पण ते त्याचं त्यालाही कळलं नसावं. मग त्याने नुसता हात वर केला. डॉक्टरीणबाईंनी दारातून डोकं बाहेर काढलं, पुढच्या बाईला बोलावलं आणि गिटारकडे बघत म्हणाल्या,

“गुरुवारी जरा लवकर या.”

आनंद व्हायला हवा होता. तिच्या मनात मात्र आलं ते एवढंच. म्हणजे हे सगळं परत गुरुवारी.

क्रेनवाला काउंटरपाशी जाकिटाची चेन लावत होता आणि नाकातल्या नाकात गुणगुणत होता. तिचंच गाणं. ती ऐकू लागली. ती जागा आली. तिथे त्याने तिचाच चुकलेला घोगरा सूर लावला, जराही न अडखळता, गाणं मुळात तसंच असल्यासारखा, आणि पुढचं गुणगुणत दार ढकलून तो रस्त्यावर गेला.

पर्सवाली बाई आत जायला उठून उभी होती आणि तिच्याकडे बघत होती. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.