हलत्या बटणांचा टॅब

नव्या कोऱ्या टॅबवरचं प्लास्टिक निर्मलानं नखानं सोललं, टॅब कानाशी नेला आणि हलवला. खुळखुळ वाजला. तिनं कडेच्या बटणांवर अंगठा फिरवला. चालू-बंद करायचं बटण दबायच्या आधी इकडून तिकडं सरकत होतं, आणि आवाज कमी-जास्त करायचं लांबडं बटण तर त्याहून मोकळं. निर्मलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा बटणापायी एवढा संताप? मग आधी गेल्या सालचं ऐका.

गेल्या साली हे टॅब वाटणाऱ्या ह्याच संस्थेनं तिच्या पिंपळवंडी गावासाठी निर्मलाला नेमलं होतं. घरोघर जायचं, म्हाताऱ्या माणसांचं बीपी, साखर, गोळ्या-औषधं सगळं विचारायचं आणि टॅबमध्ये भरायचं. मेंढरामागं हिंडणाऱ्या घरातली बारावी झालेली सून गळ्यात ओळखपत्र अडकवून दारोदार फिरायला लागली. नवरा दादाभाऊ चार माणसांत ‘आमची मॅडम’ म्हणायला लागला. तीन आठवडे झाले आणि चालू-बंदचं बटण आत गेलं ते गेलंच. टॅब मुका झाला. संस्थेनं पत्र धाडलं, ‘निष्काळजी हाताळणीमुळे उपकरण निकामी झाले, सबब कामातून कमी करण्यात येत आहे.’ पत्र गुपचूप धाडलं असतं तरी चाललं असतं. पण ते ग्रामसभेत मोठ्यानं वाचलं गेलं. मागनं कुणीतरी बोललं, “काठी धरायचं हात ते, टॅब धरतील व्हय!” सगळे हसले. दादाभाऊ मान खाली घालून घरी आला आणि त्या दिवशी जेवला नाही.

निर्मलानं ते वर्ष कसं काढलं ते तिचं तिला माहीत. आपलंच काहीतरी चुकलं, पदराखाली धरताना दाबलं गेलं असेल, पिशवीत घालताना आपटलं असेल, असं रोज स्वतःला कोसायची. तिच्या जागी आलेली पोरगी लग्न होऊन गेली, गावात दुसरं कुणी मिळेना, म्हणून यंदा संस्थेनं हिलाच पुन्हा बोलावलं. उपकार केल्यासारखं बोलावलं, तेही सांगून ठेवते.

आणि आज नारायणगावच्या ह्या प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये, अजून बाहेरचं वारंसुद्धा न लागलेला टॅब खुळखुळत होता. हुबेहूब गेल्या सालच्यासारखा. निर्मलाला वाटलं, म्हणजे तेव्हाही तो असाच आला होता की! आणि मी वर्षभर माझ्या हातांना शिव्या देत बसले!

“भरत सर,” निर्मलानं हाक मारली. “ह्या टॅबची बटणं हलत्यात.”

भरत सर संस्थेचे ह्या भागाचे साहेब. तिशीतलं पोरगं, पण आवाज साठीतला. त्यांनी टॅब हातातसुद्धा घेतला नाही. “नॉर्मल आहे मॅडम. सगळ्या टॅबना थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, असतो. कंपनीतूनच तसे येतात.”

“म्हंजी आमी काय केल्यानं हलत न्हाईत?”

“छे हो. तुमचा काय संबंध?”

“मग गेल्या साली माजा संबंध कुठनं आला?”

हॉलमध्ये आणखी चाळीस बाया होत्या. जुन्नरच्या, आंबेगावच्या, डोंगरातल्या, पेठेतल्या. सगळ्यांनी माना वळवल्या. भरत सरांनी हातातला पेन टेबलावर दोनदा आपटला.

“तेव्हा मी नव्हतो. जुनं कशाला उकरता? काम मिळालंय, काम करा. ह्या फॉर्मवर सही करा.”

निर्मलानं फॉर्म वाचला. ‘टॅब सुस्थितीत मिळाला. मोडतोड झाल्यास संपूर्ण जबाबदारी माझी राहील.’ वाचताना तिची कानशिलं तापली.

“सर, हितंच खाली लिवा, बटणं आल्यापासनं हलत्यात.”

“फॉर्म छापील आहे. त्यात असं काही लिहिता येत नाही.”

“नॉर्मल हाय म्हनताय ना? मग नॉर्मल हाय असं लिवा. त्यात काय जातंय तुमचं?”

आता तुम्हीच सांगा, ह्यात चुकीचं काय मागितलं बाईनं? तोंडानं चाळीस जणींसमोर सांगता येतं, मग कागदावर सांगायला हात का थरथरतो? पण साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “मॅडम, ह्यातलं टेक्निकल तुम्हाला कळणार नाही. आणि गेल्या वर्षीचं बटण आल्यापासूनच सैल होतं, ह्याला पुरावा काय? तुमच्याशिवाय कुणी बघितलं होतं?”

कुणी बघितलं होतं? तिनं स्वतःच तेव्हा धड बघितलं नव्हतं. नव्या टॅबच्या आनंदात बटणं हलवून कोण बघतं?

“उद्या दुपारी बारापर्यंत सही. नाहीतर पिंपळवंडीला दुसरं नाव टाकू,” असं म्हणून साहेब पुढच्या बाईकडे वळले.

शेजारी डिंभ्याची मोहिनी बसली होती. तिनं आपला टॅब हळूच हलवला आणि पुटपुटली, “ताई, माजाबी वाजतोय.”

“मग बोल की मोठ्यानं!”

“नाय ओ. मला सही करू द्या. दुपारची गाडी चुकली तर दुसरी कधी येईल त्याचा भरवसा नाय.” आणि तिनं सही ठोकली. मग पलीकडचीनं ठोकली. एकामागून एक चाळीस टॅब खुळखुळत पिशव्यांत गेले, आणि एकीच्या तोंडातून शब्द फुटला नाही. निर्मलाला साहेबापेक्षा त्या बायांचाच जास्त राग आला. राग बरोबर होता की नव्हता तो भाग वेगळा. आला होता एवढं खरं.

ती टॅब टेबलावर ठेवून रिकामी पिशवी घेऊन बाहेर पडली. जीपमध्ये टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटांमध्ये अंग चोरून बसली आणि पिंपळवंडी येईपर्यंत मनातल्या मनात साहेबाशी भांडत राहिली. मनातल्या भांडणात ती दर वेळी जिंकत होती. उतरल्यावर मात्र लक्षात आलं, उद्या बारानंतर आपलं नाव जाणार आणि गाव म्हणणार, बघा, हिला दुसऱ्यांदा काढली. तो डाग मग कायमचा.

सासू म्हाळसाबाई वाघरीपाशी होती. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. घरात आता शेतीच जास्त, पण म्हातारीनं वीसेक मेंढरं हट्टानं ठेवलेली. एका तरण्या मेंढीला दोन्ही गुडघ्यांत धरून, ओठ वर करून ती तिचे दात चाचपत होती. डोळ्यांनी आता कमी दिसायचं तिला, पण बोटांना सगळं कळायचं.

निर्मलानं पिशवी खाटेवर आदळली आणि जे काय झालं ते एका दमात सांगून टाकलं. “आनि वर म्हनतोय, कुनी बघितलं व्हतं? आता साक्षीला कुनाला आनू? देवाला?”

म्हाळसाबाईनं मेंढी सोडली, हात पुसले. “हलत व्हतं की त्ये,” ती सहज बोलली.

“काय हलत व्हतं?”

“गेल्या सालच्या टॅबचं बटन. आनलास त्याच दिशी. मी हातात घेतला व्हता न्हवं का, अंगठा फिरवून बघितला. हलत व्हतं.”

निर्मलाचा आवाज असा चढला की मेंढरं एका कोपऱ्यात गोळा झाली. “आत्या! तुमाला म्हाईत व्हतं? आनि वरीसभर मूग गिळून बसला? गावानं माजी अब्रू काढली, ह्येंनी चार-चार दिस माज्याशी बोलनं टाकलं, आनि तुमी हितं मेंढरांचं दात मोजत बसला?”

“मला काय ठावं त्ये वंगाळ असतंय म्हनून?” म्हाळसाबाईपण काही गरीब गाय नव्हती. तिनं काठी जमिनीवर आपटली. “मला वाटलं, नवं हाय म्हनून हलतंय. तरन्या जनावराचं दात न्हाई हलत? दुधाचं हलत्यात, पडत्यात, मग त्याच जागी पक्कं येत्यात. दात हलतोय म्हंजी जनावर कवळं हाय, घ्यावं खुशाल. म्हनलं ह्येचंबी तसंच आसंल. बटन आत गेलं तवाबी म्हनलं, येईल आता पक्कं!”

काय बोलणार ह्यावर? सत्तर वर्षं जिनं नवेपणा हलत्या दातावरून ओळखला, तिला टॅबचं कोण शिकवणार? पण निर्मलाला ना हसू आलं ना दया. “आवं मग निदान सांगायचं तरी! एका शब्दानं!”

“सांगाया आलेच व्हते,” म्हाळसाबाई म्हणाली, आणि आता तिचा आवाज खाली आला. “बटन हलतंय गं, एवढं बोलले आसंन. तू टॅब हिसकून घेतलास. म्हनलीस, ‘ठिवा तिकडं आत्या, त्ये मेंढरू न्हाई, तुमास्नी काय उमगतंय त्यातलं.’ समदी पोरंसोरं हसली. मग परत कशाला बोलू?”

निर्मलाला तो दिवस आठवला. नवा टॅब, मेंढरांच्या वासाचे ते हात, डाग पडेल म्हणून आपण केलेली घाई, आणि हो, सगळ्यांचं हसणं. ती स्वतःही हसली होती. सासू गप्प बसते म्हणजे आपल्यालाच दोष देते, असं तिनं वर्षभर धरून चाललं होतं. कारण विचारायला काही ती गेली नव्हती.

तिनं माफी वगैरे मागितली नाही. राग तसा पटकन उतरत नसतो, आणि आपल्यावरचा राग तर लवकर मुळीच नाही. ती एवढंच म्हणाली, “उद्या सकाळच्या जीपनं नारायणगावला चला माज्यासंगं.”

“चल,” म्हाळसाबाई म्हणाली. “पर माज्या हातात कुनी टॅब दिला तर पुन्हा हिसकू नगंस.”

सकाळी प्रशिक्षणाचा दुसरा दिवस होता. चाळीस बाया आपापल्या टॅबसकट बसल्या होत्या. मोहिनीही होती. दाराशी काठी टेकत नऊवारीतली म्हातारी आली तेव्हा भरत सर म्हणाले, “आजी, बाहेर थांबा, इथं ट्रेनिंग चाललंय.”

“मी साक्षीला आलेय,” म्हाळसाबाई म्हणाली, आणि सरळ टेबलापाशी गेली. निर्मलाचा टॅब तिथंच पडला होता. तिनं उचलला, डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवला. मग मोहिनीचा मागितला. मोहिनीनं एकदा साहेबाकडं बघितलं आणि दिला. तिसरा घेतला, चौथा घेतला.

“समद्यांची हलत्यात,” म्हातारीनं निकाल दिला. “गेल्या सालच्याचंबी असंच व्हतं. घरात आला त्या दिशी मी ह्याच अंगठ्यानं चाचपला. माज्या सुनंनं मोडला न्हाई. गावासमोर तिच्यावर बोल आला तवा मी सांगायला पायजे व्हतं. म्या गप बसले. चूक माजी हाय.”

भरत सरांनी घसा खाकरला. “ठीक आहे आजी, पण तुम्हाला ह्यातलं...”

“काय कळतंय, असंच ना?” निर्मला ताडकन उभी राहिली. “लई कळतंय त्येस्नी. तुमी बघितलं नव्हतं, मी बघितलं नव्हतं, त्यांनी बघितलं व्हतं. काल साक्षीदार मागत व्हता. हा घ्या साक्षीदार. आता लिवा.”

“सर,” मागून मोहिनीचा आवाज आला. बारीक होता, पण आला. “माज्याबी फॉर्मवर लिवा. काल गाडीची घाई व्हती.”

“माज्यापन,” पलीकडून कुणीतरी म्हणालं. मग तर झुंबडच उडाली. बाया टॅब हलवत उभ्या राहिल्या, हॉलभर नुसती खुळखुळ. साहेब फोन घेऊन बाहेर गेले, तिथं कुणाशी काय बोलले देव जाणे. आत आले ते तोंड एवढंसं करून. आधी निर्मलाचा फॉर्म ओढला आणि लिहायला बसले. ‘टॅबची बटणे मिळाल्यापासून सैल आहेत.’

“गेल्या सालचंबी,” निर्मला म्हणाली.

साहेबांनी सुस्कारा टाकून लिहिलं. ‘मागील वर्षीच्या टॅबचे बटणही पहिल्या दिवसापासून सैल होते. साक्षीदार, म्हाळसाबाई राघू. साक्षीदारांनी त्या वेळी हे सांगितले नाही.’ आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. “झालं समाधान? करा सही.”

निर्मलानं पेन हातात घेतला. जे हवं होतं ते सगळं त्या कागदावर होतं. तिचं नाव स्वच्छ झालं होतं, काम राहिलं होतं, आणि हाच कागद ग्रामसभेत वाचून घेतल्याशिवाय ती सोडणार नव्हती. शेजारी म्हातारी काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. शेवटच्या ओळीवर तिनं चकार शब्द काढला नव्हता.

निर्मलानं पेन परत साहेबांपुढं ठेवला.

“त्ये शेवटचं खोटं हाय,” ती म्हणाली. “खोडा त्ये. त्यांनी सांगितलं व्हतं. मी ऐकलं न्हाई. वर चारचौघांत त्यांचं हसं केलं.”

“मॅडम, हे कशाला? तुमच्याच विरोधात जातंय.”

“जाऊ दे. गावात माज्यासंगं त्यांचंबी नाव वाचलं जानार हाय. जसं घडलं तसंच लिवा.”

म्हाळसाबाईनं मान वळवून सुनेकडं बघितलं. साहेबांनी ओळ खोडली, वर नवी लिहिली आणि कागद पुढं सरकवला. निर्मलानं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचला, आणि मग सही केली.