तिसरं ताट

डोंगर आणि ओढा यांच्यामध्ये जेमतेम तीन रस्ते मावतील एवढी जागा, तिथं हे गाव बसलं. बसवलं खाणीनं. खाण चालू होती तेव्हा तीन हजार माणूस. ती बंद पडली आणि तरणीताठी मंडळी पोटामागं घाट उतरून गेली. राहिली कोण, तर म्हातारी आणि हट्टी. कचेरीतल्या कारकुनाला हा सगळा इतिहास तोंडपाठ. ऐकणाऱ्याला जांभया आल्या तरी गडी थांबायचा नाही.

हल्ली मात्र त्याची बोलती बंद होती. तीनशेला एक माणूस जरी कमी भरला तर दवाखाना उठणार, असा कागद आला होता. दवाखाना म्हणजे काय, एक खोली आणि एक नर्स. पण कारकुनाच्या बायकोला आठवड्यातून दोनदा तिथं इंजेक्शन लागायचं, नाहीतर तिला श्वास पुरत नसे. दुसरा दवाखाना घाटाखाली, बत्तीस किलोमीटरवर. तिथवर ती जिवंत पोचली असती की नाही, देव जाणे. ती घाबरेल म्हणून त्यानं कागदाचं तिला सांगितलंच नव्हतं.

मोजायला वरून साहेब आला. साहेब वही घेऊन पुढं, कारकून त्याच्यामागं दारोदार. साहेब विचारी, "घरात माणसं किती?" आणि सांगतील ते लिही. या गावात गेलेल्याला गेला म्हणायची रीतच नाही. वीस वर्षं न फिरकलेला मुलगासुद्धा "आत्ताच बाहेर पडलाय." शिंपीणबाईंनी पाच सांगितले, होती दोघं. न्हावी एकटा जीव, तो बेधडक म्हणाला चार. कारकून मान खाली घालून ऐकत होता आणि मनातल्या मनात एकेकाच्या पाया पडत होता.

शेवटचं घर त्याचंच. तोवर भरले होते दोनशे सत्त्याण्णव.

बायको दारातच उभी होती. मुलगा जाऊन अकरा वर्षं झाली, तरी ती रोज तिसरं ताट मांडायची. गेल्या महिन्यात कारकुनाचं डोकं फिरलं. ताट माळ्यावर टाकून तो ओरडला होता, "आपण दोघंच आहोत. म्हण एकदा." रडत रडत तिनं म्हटलं होतं.

"किती माणसं?" साहेबानं विचारलं.

"तीन," कारकून घाईनं म्हणाला.

साहेबानं तिच्याकडं पाहिलं.

"नाही हो साहेब, दोघंच. माझं मन राखायला म्हणतायत ते."

कारकुनानं तिला डोळ्यांनी खुणावलं, हात जोडायचेच काय ते बाकी राहिले. साहेबानं दोन लिहिले, बेरीज केली आणि वही मिटली.

तो गेल्यावर ती दमून उंबऱ्यावर टेकली. किती दिवसांनी हसली.

"बघा, म्हटलं की नाही? आणि न रडता. आता तरी रागावू नका."

"नाही रागावत," कारकून म्हणाला आणि तिच्याशेजारी बसला.