विहीर, अबोला आणि कबुलीचा कागद

थोरल्यानं विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीला कुलूप ठोकलं आणि धाकट्याची मिरची माना टाकायला लागली. विहीर बापानं खणलेली, दोघांच्या बांधावरची. पण थोरला म्हणायचा, माझी एकट्याची. शेवटी प्रकरण कोर्टात गेलं. माझं शेत त्यांना लागूनच, त्यामुळे हा सगळा तमाशा मला बांधावर बसून बघायला मिळाला.

दोघांत सहा वर्षं अबोला होता, आणि तोही साधासुधा नाही. धाकट्याचा गोठा पेटला तेव्हा थोरला धावत माझ्या दारात आला. म्हणाला, "त्याला सांग, त्याचा गोठा पेटलाय."

तर एक दिवस थोरल्याच्या वकिलाचा कागद धाकट्याला आला. 'कबूल करा की विहीर थोरल्या भावाची आहे. कबूल करा की मोटार त्यांनीच बसवली.' अशी चार वाक्यं. धाकट्यानं वाचून घडी घातली आणि कागद गादीखाली सारला.

"मी उत्तर देणार नाही. बोलायचं नाही म्हणजे नाही."

मी आणि त्याच्या बायकोनं त्याला जवळजवळ ओढतच वकिलाकडे नेलं. वकील म्हणाला, "अहो, खटला उभा राहण्याआधी एक बाजू दुसरीला विचारून घेते, हे खरं ना, ते खरं ना. जे मान्य होईल त्याला मग साक्षीपुरावा लागत नाही. तुम्ही समोर कबूल किंवा नाकबूल एवढंच लिहायचं, तीस दिवसांत. गप्प बसलात तर कबूल धरतात."

"गप्प बसलं की कबूल? मग सहा वर्षांत मी त्याला अर्धं गाव लिहून दिलं असेल."

"नाकबूल लिहा आणि खाली सही करा. सही तुमचीच लागेल."

"मग नकोच. माझी सही त्याच्या हातात जाणार. आधी मी बोललो असं होईल."

मला तर त्याच्या डोक्यात दगड घालावासा वाटला. बायको बिचारी रोज ओढ्यावरून घागरी आणून झाडं जगवत होती, आणि ह्याला मान महत्त्वाचा. ती मात्र शांतपणे वकिलाला म्हणाली, "असाच कागद आपल्याला त्यांना पाठवता येतो का?"

"येतो की. त्यावर माझी सही चालते."

"मग पाठवा. कबूल करा की विहीर धाकट्याची आहे."

"ताई, ते सरळ नाकबूल लिहितील."

"आमचे भावोजी? ते ह्यांच्याच आईच्या पोटचे आहेत."

कागद गेला. थोरल्यानं चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि बायकोला म्हणाला, "मी त्याला उत्तर देऊ? मी?" महिना उलटला. इकडून अक्षर नाही, तिकडून अक्षर नाही.

तारखेला न्यायाधीशांनी दोन्ही कागद वाचले आणि चष्मा काढला. "थोरल्यांनी कबूल केलंय की विहीर धाकट्यांची. धाकट्यांनी कबूल केलंय की थोरल्यांची. मग तुम्ही भांडताय कशासाठी?"

दोन्ही वकील आपापल्या फायलीत काहीतरी शोधायला लागले.

"कबुली मागे घ्यायची असेल तर आत्ता सांगा. भावाकडे बघून, तोंडानं."

धाकटा पंख्याकडे बघत राहिला. थोरल्यानं तोंड उघडलं, आम्ही सगळे पुढे सरकलो, आणि तो खोकला. न्यायाधीशांनी कपाळाला हात लावला. निकाल लागेपर्यंत सोमवारपासून दोघांनी आळीपाळीनं पाणी घ्यायचं, असा हुकूम दिला.

बाहेर आल्यावर थोरला मला म्हणाला, "त्याला सांग, सोमवार माझा."

हातभर अंतरावरून धाकटा म्हणाला, "त्याला सांग, सोमवारपर्यंत मिरची जगायची नाही."

"मी कुणाला काही सांगणार नाही," मी म्हणालो. माझंही डोकं फिरलं होतं.

दोघे उभेच राहिले. तेवढ्यात थोरल्याच्या बायकोनं कमरेची किल्ली काढली आणि नवऱ्याच्या डोळ्यांदेखत जावेच्या हातात ठेवली. थोरल्यानं बघितलं. एक शब्द बोलला नाही. आम्ही तो होकार धरला आणि त्याचं मन बदलायच्या आत घरची वाट धरली. मिरचीला त्याच दिवशी पाणी मिळालं.