रखमाबाईंचा उतारा

डिलाईल रोडच्या त्या चाळीत रखमाबाईंचा उतारा म्हणजे शेवटचा शब्द. कुणाचं पोर झोपेत दचकलं, कुणाच्या नव्या नोकरीला नजर लागली, की बायका वरच्या मजल्यावर त्यांच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. म्हातारी नारळ उतरवायची, मालवणीत देवाला गाऱ्हाणं घालायची आणि माणूस बरा झाला की श्रेय घ्यायची. नाही झाला तर त्याचीच श्रद्धा कमी पडलेली असायची. तिची सून अक्षदा लग्न झाल्यापासून हा कारभार बघत आली होती आणि तोंड मिटून होती. ते तोंड उघडलं तिच्या छातीत गाठ निघाली तेव्हा.

गाठ दादरच्या एका नर्सिंग होममध्ये काढली. कॅन्सर निघाला, आणि त्यातही हार्मोनच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या जातीचा. टाके सुकायच्या आत घरात तिच्या मरणाची तयारी सुरू झाली. वडाळ्याहून नणंद आली, सीमा. भाचीसाठी नवा फ्रॉक घेऊन आली आणि जाता जाता म्हणाली, "वहिनी, तुला आता आराम पाहिजे. जूनपासून मनवाला मीच ठेवते माझ्याकडे. शाळा आमच्या बिल्डिंगसमोरच आहे." सीमाला मूल नव्हतं. अक्षदाला त्याचं वाईट वाटायचं, पण म्हणून काय आपली मुलगी उचलून द्यायची? तिच्या नवऱ्याने, धनेशने, तोवर मनवाच्या शाळेत दाखल्यासाठी अर्जसुद्धा देऊन टाकला होता.

"टेन्शन नको घेऊस," तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. "वडाळा काय लांब आहे?"

"मी मेले नाहीये, धनेश."

"असं कोण बोललं?"

कुणीच बोललं नव्हतं. त्याचीच तर चीड होती.

पुढच्या उपचारांसाठी ती परळच्या मोठ्या हॉस्पिटलात गेली. तिथल्या डॉक्टर पद्मजांना तिने बसल्याबरोबर विचारलं, "मी किती जगेन?"

"मी कुडमुड्या जोशी नाही," डॉक्टर म्हणाल्या. बाई फटकळ होती. "पण एक गोष्ट बघता येईल. आपल्या रक्तात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. काही बायकांच्या गाठीत त्या झुंडीने घुसलेल्या दिसतात. तुम्हाला झालाय त्या जातीच्या कॅन्सरमध्ये त्या जितक्या जास्त, तितकी पुढची आशा जास्त. दादरच्या रिपोर्टमध्ये त्याबद्दल अवाक्षर नाही. गाठीचे तुकडे आणा, आम्ही बघतो."

अक्षदाला एवढंच हवं होतं. मोठ्या डॉक्टरांनी आशा आहे असं म्हटलं, की कोणाच्या बापाची हिंमत होती मनवाला न्यायची?

दादरच्या लॅबने तिला प्लास्टिकचा एक डबा दिला. आत मेणाच्या लहान लहान वड्या, त्यात गाठीचे तुकडे बसवलेले, आणि काही काचपट्ट्या. "मेण आहे, तापू देऊ नका," लॅबवाल्याने बजावलं. मे महिना होता आणि त्यांची खोली थेट पत्र्याखाली. अक्षदाने डबा फ्रिजमध्ये ठेवला, दुधाच्या पिशवीमागे. इथे ती चुकली. त्याहून मोठी चूक म्हणजे तिने ते धनेशला सांगितलं, आणि धनेशच्या पोटात काही राहत नाही.

"फ्रिजात रोग ठेवलंस गो?" रखमाबाई कडाडल्या. "पोरीच्या दुधाबरोबर?"

"आई, तो मेणात आहे. मेलेला आहे. गुरुवारी हॉस्पिटलात द्यायचाय."

"मेलेलो रोग! ह्या नवीनच आयकतंय."

एवढं बोलून म्हातारी गप्प बसली. रखमाबाई गप्प बसल्या की काहीतरी शिजतंय, हे अक्षदाला कळायला हवं होतं. पण तिच्या अंगात त्राण नव्हतं. अमावास्येला तिन्हीसांजेला सासूने पाट मांडला आणि म्हणाली, "बस, तुजी नजर काढतंय." एक भांडण वाचेल म्हणून ती बसली. नारळ, लिंबू, पिंजर लावलेले तांदूळ आणि लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी तिच्या डोक्यावरून उतरलं. "बा देवा म्हाराजा, ह्या घरातली पिडा घराभायर ने," म्हणत रखमाबाईंनी सगळं पिशवीत भरलं आणि त्या दादरच्या चौपाटीकडे चालू लागल्या. रिवाजाप्रमाणे मागे वळून पाहिलं नाही.

गुरुवारी सकाळी दुधाच्या पिशवीमागे काहीच नव्हतं.

"डबा कुठेय?"

"दर्यात." रखमाबाई बांगडे साफ करत होत्या, त्यांनी हातसुद्धा थांबवला नाही.

"माझ्या डोक्यावरून उतरवून टाकलात? मला विचारलंत?" अक्षदाचा आवाज चिरकला. "त्यात नुसता रोग नव्हता. माझ्या बाजूने लढणारे होते त्यात. ते मोजायचे होते!"

"रोगात खयचे लढणारे? तुजा बरा व्हावा म्हणान केलंय."

म्हातारी कदाचित खरं बोलत होती, आणि तेच अक्षदाला सहन होईना. वाइटावर असती तर मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या. तिने तरीही घातल्या. आयुष्यात पहिल्यांदा सासूला अरेतुरे केलं, शेजारची गंगुबाई दारात येऊन उभी राहिली तरी थांबली नाही. धनेश म्हणाला, "जाऊ दे ना, आईने प्रेमाने केलं." तेव्हा तिने त्यालाही सोडलं नाही. संध्याकाळी सीमाचा फोन आला. "बरं झालं वहिनी, उगाच कळून काळजी वाढली असती. दाखला मिळालाय. महिनाअखेरीला येते मनवाला न्यायला."

"समुद्रात?" दुसऱ्या दिवशी डॉक्टर पद्मजांनी चष्मा काढून टेबलावर आपटला. "मग आता माशांना विचारा किती पेशी होत्या ते." अक्षदा हलली नाही. डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि सूर बदलला. "अहो, सगळी गाठ काही मेणात जात नाही. उरलेली लॅबवाले बरणीत ठेवतात, काही आठवडे. मग फेकून देतात. आत्ता जा, उद्या नको."

लॅबवाला वैतागला. जुन्या बरण्या कचऱ्याच्या गाडीसाठी बाजूला काढून ठेवल्या होत्या, आता कोण शोधणार? अक्षदा दारातच ठाण मांडून बसली. येणाऱ्या पेशंटना वळसा घालून जावं लागू लागलं, तेव्हा कुठे तो कुरकुरत आत गेला आणि तिच्या नावाची बरणी घेऊन आला. त्यातून नव्या वड्या झाल्या. त्या तिने लॅबमधून थेट परळला नेल्या, घरचा उंबरा दाखवला नाही.

निकाल आला तो नेमका सीमा यायच्या दिवशी.

"तुमच्या पेशींनी गाठीत नुसती रेटारेटी केलीय," डॉक्टर पद्मजा म्हणाल्या. "हमी मी कुणालाच देत नाही, आणि केमो चुकणार नाही. पण या जातीच्या कॅन्सरमध्ये याहून चांगली बातमी मला क्वचित देता येते." अक्षदा बाहेरच्या बाकावर बसून पोटभर रडली. एवढे दिवस घरात आपल्या बाजूने कुणीच नाही असं ती समजत होती, आणि तिच्याच अंगात कुणीतरी न सांगता लढत होतं.

घरी आली तर मनवाची पिशवी भरून तयार होती. सीमा ती मांडीवर घेऊन खुर्चीत बसलेली, मनवा कॉटखाली लपलेली. अक्षदाने डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. धनेशने प्रथमच मोबाइल खाली ठेवला. रखमाबाईंनी मात्र दोन्ही हात जोडले आणि त्या तडक गॅलरीत गेल्या.

"गंगू, आयकलंस? लागलो मां माजो उतारो!"

दारं उघडली. बायका जमल्या. एकीने तर आपलं किरकिरं पोर नजर काढायला आणलंसुद्धा. अक्षदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही बाई तिचा डबा समुद्रात फेकते आणि वर जिंकलेली लढाईही आपल्या नावावर करते! बरणीची सगळी हकिगत ओठांवर आली होती. मग तिची नजर कॉटखालच्या दोन पायांवर गेली.

ती गॅलरीत गेली. "हो, लागला," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आईंचा उतारा लागला. मी जगणार आहे."

मग सासूच्या दंडाला धरून तिला आत आणलं आणि दार लोटलं.

"आता सीमाताईंना पिशवी खाली ठेवायला सांगा. मी जगणार, तर मनवा कशाला जाईल? आणि ती गेलीच, तर याच गॅलरीत उभी राहून सांगेन, की रखमाबाईंचा उतारा फुकट गेला. सून वाचणार नाही म्हणून नात देऊन टाकली. बोला, काय सांगू?"

बाहेर ते पोर किरकिरत होतं. रखमाबाईंनी सुनेकडे असं पाहिलं, जणू 'उतारा नको पण ही नजर आवर' म्हणायचं होतं. अक्षदाने नजर हटवली नाही.

"सीमा, पिशवी ठेव खाली."

"आई, पण दाखला..."

"ठेव सांगतंय मां!"

सीमा रडू लागली. अक्षदाला तिची दया आली नाही, कुणाचीच आली नाही. तिने पिशवी ओढून घेतली आणि मनवाचे कपडे कपाटात लावायला घेतले. केमो सोमवारी होता. गॅलरीत म्हातारी बायकांना सांगत होती, की नारळ पाण्यात पडला तेव्हाच आपल्याला कळलं होतं. अक्षदाने तिला सांगू दिलं.