पंचामृतातली करवत

दसऱ्याच्या मुहूर्ताला पेट्रोलची करवत चालवून दाखवण्यात वखारीचे मालक तात्या यांचा फायदा उघड होता. हातकणंगल्याचे ठेकेदार नृसिंहराव रस्त्याकडेची झाडं तोडायचं काम कुणाला तरी द्यायला निघाले होते, आणि ते समोर बसून बघणार होते. पलीकडच्या वखारवाल्याकडं अजून हाताचीच करवत ओढतात, हे चार लोकांत न बोलता सांगून होणार होतं. शिवाय 'पोरगं देवाधर्माला विसरलं' हा आईचा, म्हणजे अक्कांचा, जुना ठपका पुसला जाणार होता. इंजिनाच्या दोरीच्या एका झटक्यात एवढं पदरात पडत असेल तर कोण सोडेल? फक्त दोरी तात्या ओढणार नव्हते. ती त्यांच्या वखारीतल्या कृष्णातनं ओढायची होती.

ही करवत लष्कराच्या मोडीत निघालेल्या मालातली, तात्यांनी पुण्याहून आणलेली. लांब पातं, त्याभोवती सायकलच्या चेनसारखी दातेरी साखळी. दोघांनी धरायची: इंजिनाकडं कृष्णात, पात्याच्या टोकाला गुंडू. कृष्णात लढाईच्या काळात पलटणीत असली यंत्रं शिकला होता. माणूस भला, पण वरच्यानं हुकूम सोडला की पाय जुळवून उभं राहायचं, हेही तो तिथंच शिकला होता.

त्याची बायको चिमणाबाई वखारीत साली गोळा करायला रोजानं होती. तिला हुकूम मानायला शिकवणारं कुणी भेटलं नव्हतं. संध्याकाळी करवत थंड झाली की दोघं तिच्यापाशी बसत. आधी इंजिनातला ठिणगीचा प्लग काढायचा, म्हणजे ते चुकून सुरू होत नाही, मगच साखळीला हात लावायचा. भुसा झाडायचा, हवेची जाळी धुवायची, साखळी सैल वाटली तर ताणायची. बोटानं उचलली तर उचलावी आणि सोडली तर जागेवर बसावी, इतपतच. दातांना कानस चिमणाबाई लावायची, कारण कृष्णातला जवळचं नीट दिसत नसे आणि ते तो कबूल करत नसे. तापलेल्या इंजिनात ती कुणाला पेट्रोल ओतू देत नव्हती. एकदा गुंडू विडी ओढत जवळ आला, तर तिनं विडी त्याच्या तोंडातून काढून पायाखाली रगडली.

"एवढी काळजी सासूची घेतली न्हाईस कवा," गुंडू म्हणाला.

"सासूला दात न्हवतं."

खंडेनवमीला वखारीतली हत्यारं ओळीनं मांडून पुजली. अक्कांनी कुऱ्हाडींना कुंकवाची बोटं लावली, पण नव्या करवतीचा मान मोठा, म्हणून तिला पंचामृतानं न्हाऊ घातलं. दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं साखळीवरून ओघळून पात्याच्या खाचेत. वर हळदकुंकू आणि झेंडूचा हार. पुजलेल्या हत्याराला दसऱ्याच्या मुहूर्तापर्यंत कुणी हात लावायचा नाही, हा वखारीचा रिवाज. माणसांनी तो पाळला. मुंग्यांनी पाळला नाही.

सकाळी नृसिंहराव खुर्चीवर बसले, भोवती शेजारपाजारचे जमले. ओंडका आडवा करून ठेवलेला होता. कृष्णात वाकला. मध वाळून साखळीचे दुवे आखडले होते. हाराचा दोरा इंजिनाजवळच्या चाकात शिरला होता.

"धुवायला पाहिजे," तो स्वतःशी म्हणावं तसं म्हणाला.

"धुतोस कशाला रं?" अक्का म्हणाल्या. "मुहूर्ताआधी धुतलं तर केलेली पूजा पुसल्यागत होतंय की."

"सुरू झाली की आपोआप निघतंय," तात्या म्हणाले. "वढ दोरी."

कृष्णातनं दोरीला हात घातला.

आखडलेली साखळी जोरात सुटली, तुटली, तर तिचं टोक कुणाकडं येणार, हे चिमणाबाईला माहीत होतं. इंजिनामागं जो उभा असतो त्याच्याकडं. ती गर्दीतनं पुढं आली, पेटीतला पाना उचलला, प्लग काढला आणि कमरेला खोचला.

"काय चाललंय गं तुझं?" तात्या.

"प्लग काढला. आता वढा दोरी, सांजपतोर."

"आण हिकडं."

"साखळी धुतल्याबिगार न्हाय मिळायचा. काढून घ्यायचा असंल तर घ्या की. कमरेलाच हाय."

एवढी बाप्यामाणसं उभी होती, पण पुढं व्हायला कुणाला सुचेना.

"कृष्णा, सांग तुझ्या बायकोला."

"अगं, दे की," कृष्णात म्हणाला, तिच्याकडं न बघता.

"तुमी गप ऱ्हावा. तुमचं हात तुमच्यापक्षा मला लागत्यात."

"देवाला नावं ठिवतीस व्हय?" अक्कांचा आवाज चढला.

"देवाला कशाला? देवाची भांडी तुमी खरकटी ठिवता व्हय, अक्का? ह्येबी घासायचंच हाय."

नृसिंहराव हसले. तात्यांना ते हसू शिवीपेक्षा जास्त लागलं. "तात्या, हितं मालक कोण हे ठरलं की सांगावा धाडा," असं म्हणून ते उठले, आपट्याचं सोनं वाटलं आणि गेले. मुहूर्तही गेला.

दुपारभर चिमणाबाईनं साखळी रॉकेलात बुडवून ठेवली, दुवा न् दुवा ब्रशानं घासला, पात्याची खाच तारेनं कोरली. चाकात गुंतलेला दोरा उलगडून काढला. कृष्णातनं साखळी पुसून तेल दिलं, चढवली, ताणली. मग तिनं प्लग त्याच्या हातावर ठेवला. करवत सुरू झाली आणि ओंडका गुमान कापून निघाला.

तात्यांनी तो दोरा चिमटीत धरला. "एवढ्याशा दोऱ्यानं काय झालं असतं?"

जे झालं नाही ते दाखवणार कसं?

"उद्यापास्नं येऊ नगंस."

"न्हाय येत. पर ह्यांच्या हातात असली खरकटी करवत पुन्यांदा दिलीसा, तर फाटक ढकलून आत येईन. आधीच सांगून ठिवती."

नंतर हिशेब लागला तो असा. नृसिंहरावांना सणाची करमणूक झाली आणि काम त्यांनी पलीकडच्या वखारीला दिलं. तात्यांनी आपला तोटा येईल-जाईल त्याला चिमणाबाईच्या नावानं सांगितला, तेवढाच हलका झाला. अक्कांनी दिवाळीपर्यंत तिच्याशी अबोला धरला. तो दोघींनाही स्वस्त पडला. कृष्णात तात्यांना न विचारता साखळी रोज संध्याकाळी घरी आणू लागला, एवढं धाडस त्याच्या खात्यावर. या सगळ्याची किंमत भरली ती चिमणाबाईनं. वखारीतला रोज गेला, राजारामपुरीतल्या बंगल्यांतली धुणी गळ्यात पडली, आणि ती उरकून आल्यावर साखळीचे दात घासायचे, तेही आता फुकट. तिनं ते सगळं चुकतं केलं, आणि जास्त भरलं असं एकदाही म्हणाली नाही.